आफ्टरमूव्हीत कोणी बोलत का नाही?

कॉलेजच्या कुठल्याही महोत्सवाची आफ्टरमूव्ही काढून बघा. ड्रोन इमारतींवरून वर जातो. कोणीतरी गळ्यात ओळखपत्र अडकवतं. स्टेजवरचे दिवे लागतात, गर्दीचे हात वर जातात, एक मुलगी केस मागे सारत हसते आणि ते हसू निम्म्या वेगानं दिसतं. मग संगीत क्षणभर थांबतं, सगळं काळं होतं, आणि दुप्पट जोरात परत सुरू होतं. शेवटी प्रायोजकांची बोधचिन्हं आणि पुढच्या वर्षाचं आमंत्रण. दीड मिनिटात कार्यक्रम आटोपतो. तो नाच-गाण्याचा होता, रोबोंचा होता की वादविवादाचा, हे आवाज बंद करून पाहिलं तर पुष्कळदा सांगता येत नाही. आवाज चालू ठेवूनही सांगता येत नाही, कारण त्यात कोणी बोलतच नाही.

संगीत महोत्सवाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. पण चित्रपट महोत्सवाची आफ्टरमूव्हीही जेव्हा तशीच होते, तेव्हा मला अडायला होतं. चित्रपट महोत्सवात घडतं काय? अंधारात बसून लोक काहीतरी पाहतात, दिवे लागतात आणि मग बोलतात. बघणं आणि बोलणं, एवढाच त्याचा ऐवज. बघणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यात धरायचं तर अंधार असतो, आणि बोलणाऱ्याला धरायचं तर वेळ लागतो. आफ्टरमूव्हीला दोन्ही परवडत नाही. त्यामुळे ज्या दोन गोष्टींसाठी महोत्सव भरला त्याच तिच्यातून गळतात.

हे मी लांबून म्हणत नाहीये. सोमवार ते शुक्रवार मी साकी विहार रोडवरच्या एका ऑफिसात कोड लिहिते. शिक्षण इंजिनिअरिंगचं. एडिटिंग कॉलेजात हौसेनं शिकले आणि ते सुटलं नाही. गेली तीन वर्षं पवईतल्या एका विद्यार्थी चित्रपट महोत्सवात व्हिडिओ एडिटर म्हणून स्वयंसेवा करते आहे. महोत्सवाचं नाव इथे लिहीत नाही, कारण हे त्या एका महोत्सवाचं गाऱ्हाणं नाही. पवईत आयआयटीचा 'मूड इंडिगो' पन्नास वर्षांहून जुना, 'टेकफेस्ट' आहे, आजूबाजूच्या कॉलेजांचे लहानमोठे सोहळे आहेत, आणि मुंबईभर असे शेकडो. बहुतेकांच्या शेवटी तोच दीड मिनिटांचा साचा निघतो. ही समीक्षा त्या साच्याची आहे. आपल्याकडे दर वर्षी सगळ्यात जास्त बनणाऱ्या आणि तरुणांकडून सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या चित्रप्रकारांपैकी तो एक असावा, आणि त्याच्याबद्दल लिहिलेलं मात्र क्वचितच सापडतं.

ठोक्याचा हिशेब

हा साचा आला इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवांकडून. बेल्जियममधल्या बूम या गावी २००५पासून भरणाऱ्या 'टुमॉरोलँड'नं आपल्या आफ्टरमूव्ही नेटवर टाकल्या आणि २०१२च्या सुमारास त्या जगभर पाहिल्या गेल्या. तिथे त्यांना अर्थ होता. एका ठोक्यावर हजारो माणसं एकदम उडी मारत असतील, तर त्याच ठोक्यावर चित्र कापणं हे त्या अनुभवाशी इमान राखणं झालं. तिथून हा प्रकार नाचाच्या महोत्सवातून कॉलेजच्या महोत्सवात आला, मग परिसंवादात, मग लग्नात. येताना ठोका तेवढा सोबत आला.

त्या ठोक्याचं गणित करून बघू, म्हणजे संवादाला जागा का उरत नाही ते कळेल. असलं संगीत बहुतेक वेळा मिनिटाला १२८ ठोक्यांच्या आसपास असतं. म्हणजे एक ठोका ०.४७ सेकंदाचा आणि ९० सेकंदांत १९२ ठोके. संगीत चढलं की प्रत्येक ठोक्याला एक कट, एरवी दोन ठोक्यांना एक, सुरुवातीला आणि शेवटी थोडी सैल जागा. असं करत साधारण ११० शॉट बसतात, आणि एका शॉटच्या वाट्याला सरासरी ०.८ सेकंद येतं. मराठीतलं एक साधं वाक्य, 'ही गोष्ट माझ्या आजीची आहे' एवढं, सावकाश म्हटलं तर दोन सेकंद घेतं. ते इथे मावत नाही.

यात एक गमतीची तांत्रिक अडचणही आहे. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या टाइमलाइनवर १२८चा ठोका ११.७ फ्रेमवर पडतो. फ्रेम तर अर्धीमुर्धी कापता येत नाही. म्हणून १२, १२, ११, १२ असं पुढेमागे करत जावं लागतं, नाहीतर विसाव्या कटापर्यंत चित्र ठोक्याच्या पुढे निघून जातं. संगीत १२५वर आणलं की ठोका बरोबर १२ फ्रेमचा होतो आणि डोकेदुखी संपते. मी तसं करते. ही युक्ती मला आवडते, पण तिच्यातून एक गोष्ट दिसते. या साच्यात वेळेचं माप आधीच ठरलेलं असतं. कुठे कापायचं हे चित्रातल्या माणसानं ठरवायचं नसतं.

वॉल्टर मर्च या संपादकानं 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या पुस्तकात कट कशावरून ठरवावा याची उतरंड दिली आहे, आणि थोड्या थट्टेनं तिला टक्केही लावले आहेत: भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, आणि उरलेले चौकटीच्या व अवकाशाच्या सलगतेला. भावनेला निम्म्याहून अधिक देण्यामागचा अर्थ असा की बाकी सगळं गेलं तरी चालेल, ती राहिली पाहिजे. आफ्टरमूव्हीत ही उतरंड उलटी होते. लयीला ५१, आणि भावना संगीत पुरवतं म्हणून शॉटकडून तिची अपेक्षाच नाही.

मर्चचं दुसरं निरीक्षण डोळ्यांच्या पापणीचं. 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) कापताना त्याच्या लक्षात आलं की आपण जिथे कट ठरवतो त्याच्या अगदी जवळ जीन हॅकमनची पापणी लवते. त्यावरून त्यानं मांडलं की एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळताना माणूस पापणी मिटतो, आणि चांगला कट तिथे पडतो. म्हणजे संपादकानं समोरच्या माणसाचा विचार कुठे संपतो ते ऐकायचं असतं. १२ फ्रेमच्या शॉटमध्ये कोणाचा विचार सुरूही होत नाही.

चौदा तासांतलं दीड मिनिट

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की एडिटर म्हणजे कापणारा. तीन दिवसांच्या महोत्सवात मी कापते शेवटच्या रात्री. त्याआधीचं काम हमालीचं. पाच-सहा मुलं कॅमेरे घेऊन फिरत असतात. दर दोन-तीन तासांनी मेमरी कार्डं येतात. ती दोन डिस्कवर उतरवायची, दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत ना ते तपासायचं आणि मगच कार्ड पुसून परत द्यायचं. जड फाइलींच्या हलक्या प्रॉक्सी करायच्या, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी जुळवायचा. पडद्यावर दाखवायच्या फिल्मही आमच्याकडेच येतात. कोणाची सेकंदाला २४ फ्रेमची, कोणाची ३०ची, कोणाचा आवाज इतका बारीक की मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही. एका फिल्मच्या नावातला ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसलेला आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते, हे त्या मुलांना कोणी सांगितलेलं नसतं. याच पवईत, आयआयटीच्या आयडीसीत, र. कृ. जोशी देवनागरी अक्षरं शिकवत. आपल्या संगणकांवरचा 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. आणि त्याच पवईत मराठी फिल्मचं नाव पडद्यावर तुटकं दिसावं हे मला बरं वाटत नाही. ते दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात. आफ्टरमूव्हीत ती दहा मिनिटं कुठे दिसणार नाहीत, पण माझ्या मते महोत्सवाचं सगळ्यात खरं काम तेच असतं: दुसऱ्याची फिल्म त्याला हवी तशी लोकांसमोर जाईल एवढं बघणं.

मागच्या वर्षी तीन दिवसांत सुमारे १४ तासांचं फुटेज जमलं. त्यातलं दीड मिनिट ठेवायचं, म्हणजे ५६० मिनिटांमागे एक. कोपोलाच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी २३० तासांहून जास्त चित्रण झालं होतं आणि मर्च ते प्रमाण ९५ला एक असं सांगतो. तेही जगावेगळं मानलं गेलं. आम्ही त्याच्या जवळपास सहापट टाकून देतो. टाकण्याला माझी हरकत नाही, टाकल्याशिवाय काहीच घडत नाही. पण काय टाकतो याची यादी केली तर ती बोलकी आहे. चौदा तासांतले पाचेक तास चर्चेचे होते: फिल्म संपल्यावर दिग्दर्शक समोर उभा आणि प्रेक्षकांतून प्रश्न. त्यातलं आफ्टरमूव्हीत काय गेलं? माइक हातात घेणारा एक हात, ११ फ्रेम. मान डोलावणारी एक बाई, १२ फ्रेम.

त्या बाई कशाला मान डोलावत होत्या, याला साच्यात उत्तर नाही. कुलेशॉव्हच्या प्रयोगाची गोष्ट सिनेमाच्या पहिल्या धड्यात सांगतात. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्यानंतर भुकेला वाटतो आणि शवपेटीनंतर शोकाकुल. आफ्टरमूव्ही हा प्रयोग रोज करते. जेवणाच्या रांगेतलं हसू एका विनोदी फिल्मनंतर लागतं. समारोपाच्या टाळ्या पहिल्या दिवशीच्या अर्ध्या रिकाम्या सभागृहाला मिळतात. प्रेक्षकांचे चेहरे सुटे भाग होऊन जातात, कुठेही बसवा. नाटकात किंवा कथापटात हे चालतंच, तिथे सगळं रचलेलं आहे हे ठरलेलं असतं. पण हे दस्तऐवज म्हणून पुढे येतं. दहा वर्षांनी कोणी विचारलं की त्या महोत्सवात लोकांनी कोणत्या फिल्मला कसा प्रतिसाद दिला होता, तर पुराव्यादाखल हीच फाइल निघणार आहे.

सहा सेकंदांची शांतता

आता मूळ मुद्द्यावर येते. सोलापूरकडच्या एका मुलानं बारा मिनिटांची फिल्म आणली होती. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारे वडील आणि शेडमधल्या आवाजामुळे कमी होत गेलेली त्यांची श्रवणशक्ती. फिल्म तांत्रिकदृष्ट्या कच्ची होती, दोन ठिकाणी फोकस गेलेला. पण शेडबाहेर येऊनही वडील घरात मोठ्यानंच बोलतात आणि मुलगा हळूहळू कमी बोलायला लागतो, ही रचना त्यानं एकही स्पष्टीकरण न देता उभी केली होती. फिल्म संपल्यावर पहिल्या रांगेतून इंग्रजीत प्रश्न आला. प्रश्नाचा रोख असा की वडिलांचं अपंगत्व असं वापरताना नैतिक अडचण वाटली नाही का. प्रश्न रास्त होता. मुलानं माइक घेतला आणि तो थांबला. सहा सेकंद. मग मराठीत बोलायला लागला. म्हणाला की वडिलांना फिल्म तीनदा दाखवली. पहिल्यांदा त्यांना आवाज ऐकू येईना, म्हणून सबटायटल मोठी केली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, मी एवढा ओरडतो का रे? तिसऱ्यांदा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं. 'म्हणून वापरली असं मला नाही वाटत,' तो म्हणाला, 'पण तुम्ही विचारलं ते बरं केलं, मलाबी रात्री तेच वाटायचं.'

एक मिनिट बावन्न सेकंद. तीन दिवसांतलं इतकं मोलाचं दुसरं काही माझ्या टाइमलाइनवर नव्हतं. त्यात फिल्मची समीक्षा होती, दिग्दर्शकाचं उत्तर होतं, आणि पहिल्या रांगेतली इंग्रजी व शेवटच्या रांगेतली मराठी एका खोलीत येऊन एकमेकींशी नीट बोलल्या याचा पुरावा होता. पवईत हे रोज घडत नाही. हिरानंदानीच्या कमानी आणि फुलेनगरची चढण यांच्यामध्ये एक रस्ता आहे, तरी दोन्हीकडची माणसं एका विषयावर बोलताना क्वचित सापडतात. विद्यार्थी महोत्सवात ती सापडली होती.

मी दोन आवृत्त्या केल्या. एक साच्याप्रमाणे ९० सेकंदांची. दुसरी १४ मिनिटांची: सात फिल्म, प्रत्येकीची एक झलक आणि त्यानंतरच्या चर्चेतला एकेक सलग तुकडा. संयोजक मुलगा नाशिकचा, वय वीस, कामाला वाघ. त्यानं दोन्ही पाहिल्या.

'ताई, ही मोठी भारी आहे. पण ही टाकली तर कोण बघणार?'

'आलेले लोक बघतील. फिल्म केलेली मुलं बघतील.'

'ते तर आलेच होते ना. मला न आलेल्यांना दाखवायचीय. आणि स्पॉन्सरला.'

'सहा सेकंद तो गप्प उभा आहे, तेवढं तरी छोटीत ठेवू?'

'सहा सेकंद गप्प? लोक समजतील नेट गेलं.'

तो चेष्टेनं म्हणाला आणि मीही हसले. छोटी गेली, मोठी डिस्कवर राहिली. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, कारण त्याला दिलेलं काम तेच होतं. प्रश्न असा की ते काम तसंच का ठरलं.

बोलू देणारे संपादक

वेगानं कापणं आणि माणसांचं ऐकणं यांचं वैर आहे असं कोणाला वाटेल. ते खरं नाही, आणि त्याचा दाखला मुंबईतच आहे. १९६७मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेन्टी' केली. १९४७मध्ये जन्मलेल्या, म्हणजे स्वातंत्र्याइतक्याच वयाच्या, तरुणांना देशाबद्दल, स्वतःबद्दल प्रश्न विचारायचे एवढीच कल्पना. सरकारी फिल्म, प्रचाराचा हेतू उघड. पण त्यात देशाबद्दल भरभरून बोलणारे आहेत तसे निराश आणि तुसडे सूरही आहेत, आणि शास्त्रींनी ते गाळले नाहीत. उलट एका उत्तरावर दुसरं उत्तर आदळेल असं कापलं. कटांचा वेग त्या काळाच्या मानानं धिटाईचा आहे. तरी प्रत्येक माणूस लक्षात राहतो, कारण कट त्याच्या वाक्यानं ठरतो. वाक्य तोडलं तर तोडण्यालाही अर्थ असतो. महोत्सवातले विद्यार्थीही विशीतलेच. त्यांची फिल्म करताना आपल्याला साठ वर्षांपूर्वीच्या सरकारी खात्याइतकंही धाडस होऊ नये, हे विचित्र आहे.

दुसरा दाखला अगदी पवईतलाच. आयडीसी १९६९मध्ये सुरू झालं. तिथे शिकवणाऱ्या नीना सबनानी यांची 'टांको बोले छे' (२००९) ही ॲनिमेशनपट-माहितीपट फिल्म. कच्छमधले कारागीर कापडावर तुकडे जोडून आणि भरतकाम करून स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टी सांगतात. सीमेपलीकडच्या थरपारकरमधून १९७१च्या युद्धाच्या काळात इकडे येणं, नव्यानं घर मांडणं, भूकंप, आणि हातातल्या कलेनं जगणं. फिल्ममध्ये त्या कापडावरच्या आकृत्या हलतात, आणि बोलतात ते कारागीर स्वतःच्या आवाजात. गुजरातीतला 'टांको' म्हणजे आपला टाका. मला या फिल्ममधलं संपादन शिलाईसारखं वाटतं, म्हणजे टाका दिसतो. तुकडा कुठे जोडला ते लपवलेलं नाही. बाईचा आवाज थांबतो तिथे चित्र थांबतं, तिला आठवायला वेळ लागतो तेवढा वेळ कापडालाही मिळतो. बोलणारा माणूस आणि चित्र करणारा माणूस यांच्यातला हा करार आहे. आफ्टरमूव्हीत टाका दिसू द्यायचा नाही हाच नियम, म्हणून ठोक्याखाली तो झाकतात.

तिसरं नाव उमेश कुलकर्णींच्या 'गिरणी'चं. पुण्याच्या एफटीआयआयमधली ही विद्यार्थीदशेतली फिल्म, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. लहानशा घरात दळणाचं यंत्र येतं आणि त्याचा आवाज घरातल्या मुलाचं जगणं व्यापून टाकतो. ती फिल्म कानानं बघायची आहे. कुठल्याही महोत्सवात ती दाखवली असती, आणि त्या महोत्सवाची आफ्टरमूव्ही आमच्या पद्धतीनं केली असती, तर टाइमलाइनवर आल्याआल्या आमचं पहिलं काम काय असतं? सगळ्या क्लिपांचा आवाज बंद करणं. कार्डावर आलेलं बोलणं, खोकला, खुर्च्यांचा करकराट, फिल्म संपल्यावरची शांतता हे सगळं एका क्लिकमध्ये जातं आणि खाली एक विकत घेतलेलं गाणं लागतं. सोलापूरच्या मुलाची फिल्म तर ऐकू न येण्याबद्दलच होती. तिचे दोन शॉट आम्ही मुके करून वापरले.

प्रायोजकाची बाजू

या साच्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते बोललं पाहिजे. विद्यार्थी महोत्सवाला सभागृह लागतं, प्रोजेक्टर लागतो, बाहेरगावच्या मुलांचं राहणं-जेवण लागतं. पैसे प्रायोजकाकडून येतात. प्रायोजकाला गर्दी बघायची असते, आणि गर्दी दीड मिनिटातच दिसते. छोटी आफ्टरमूव्ही नसती तर पुढच्या वर्षी त्या सोलापूरच्या मुलाला बोलावताच आलं नसतं. हा युक्तिवाद मला मान्य आहे.

पण पैसे मागण्यासाठी केलेली फिल्म मुकी आणि घाईचीच असली पाहिजे असं कुठे आहे? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी भांडवल उभं करायला एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजतो आणि रोप वाढतं, बस्स. एकेक फ्रेम घेत दिवसच्या दिवस ती चित्रित केली. पैसे देणाऱ्याला त्यांनी गर्दी दाखवली नाही, आपलं माध्यम काय करू शकतं ते दाखवलं, आणि पैसे मिळाले. आपल्या सिनेमाची पहिली जाहिरातफिल्म म्हणावी तर ती ही, आणि ती एका रोपाकडे टक लावून बघते.

फाळक्यांचं नाव निघालं की सरस्वतीबाईंचं काढलं पाहिजे. फिल्मच्या पट्टीला भोकं पाडणं, ती धुणं, आणि सोबत कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक. हे त्या करत, बिनपगारी. संपादनाच्या खोलीतलं काम आपल्याकडे पहिल्यापासून असं घरकामासारखं मानलं गेलं आहे: केलं तर दिसत नाही, नाही केलं तर बोंब. रेणू सलुजांनी 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर'साठी संपादनाचा राष्ट्रीय पुरस्कार चारदा मिळवला, तरी सिनेमा बघणाऱ्या दहा जणांना त्यांचं नाव विचारून बघा. स्वयंसेवक एडिटरला टी-शर्ट, जेवणाची कुपनं आणि प्रमाणपत्र मिळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी पगार दुसरीकडे घेते. पण फुकट काम करणाऱ्याकडे एक गोष्ट असायला हवी जी पगारी माणसाकडे नसते, आणि ती म्हणजे नाही म्हणायची मोकळीक. जाहिरात एजन्सीतला एडिटर ग्राहकाचं ऐकतो कारण घरभाडं भरायचं असतं. आम्ही कोणाचं ऐकतो? रात्री तीनला, कोणीही दटावत नसताना, विशीतली मुलं आपणहून जाहिरातीच्या शिस्तीत काम करतात. साच्याची ताकद मला इथे दिसते.

काय ठेवायचं

महोत्सवांतून काय उरतं हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. फिल्म दाखवायची, तिच्यावर बोलायचं आणि लिहायचं हा फिल्म सोसायटीचा शिरस्ता. 'वास्तव रूपवाणी' हे त्यांचं नियतकालिक त्याच शिरस्त्यातून आलं. आधीच्या पिढीनं फिल्म पाहून काय विचार केला हे आपल्याला कळतं, कारण तो छापलेला आहे. त्यांच्याकडे कॅमेरे नव्हते. आमच्याकडे एका महोत्सवात सहा कॅमेरे, १४ तासांचं फुटेज आणि टेराबाइटच्या डिस्का आहेत, आणि मागे उरतात ते केस उडवणारे हसरे चेहरे. आमची पिढी बोलली नाही असं कोणी म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण पुरावा त्याच्याच बाजूनं असेल.

नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' नगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाली, आणि तिला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट. समजा, पुरस्काराच्या आधी ती अशाच एखाद्या विद्यार्थी महोत्सवात दाखवली गेली असती, नंतर कोणी मंजुळेंना काही विचारलं असतं आणि त्यांनी उत्तर दिलं असतं. आज ते दोन मिनिटांचं चित्रण किती मोलाचं ठरलं असतं! पण त्या क्षणी, टाइमलाइनवर, तो फक्त एक अनोळखी विद्यार्थी असता. साच्याप्रमाणे त्याच्या वाट्याला ११ फ्रेम आल्या असत्या.

आफ्टरमूव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. ती असू दे, तिचं काम ती करते. पण चित्रपट महोत्सवानं तिच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ठेवावी, आणि ती करायला वेगळा पैसा लागत नाही. प्रत्येक फिल्ममागे एक प्रश्न आणि एक उत्तर, सलग, मूळ आवाजात, खाली संगीत न लावता. ज्या भाषेत बोललं गेलं त्या भाषेत, खाली सबटायटल. कट घ्यायचाच तर बोलणाऱ्यानं पापणी मिटल्यावर. आणि शेवटी नामावलीत प्रश्न विचारणाऱ्याचंही नाव, कारण चर्चा दोघांची असते. वीस फिल्मचा महोत्सव असेल तर वीस फाइली होतील, दोन-तीन मिनिटांच्या. चौदा तासांच्या फुटेजमधून त्या काढायला एका एडिटरला दोन रात्री लागतात, हे मी करून सांगते आहे.

यंदाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, 'ताई, उत्तर देताना कोणी अडखळलं तर ते कापायचं ना?' मी म्हटलं, अडखळणं ठेवायचं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं. या वर्षी चर्चांचं संपादन तीच करणार आहे.